चिंचेनं घासलेला ट्रम्पेट

आज सकाळी बायकोनं पितळेची घागर घासायला चिंच भिजवली, आणि त्या आंबट वासासरशी मी आमच्या बँडच्या टेम्पोत जाऊन बसलो.

मंगळवार पेठेतून आम्ही सहाजण लग्नाच्या सुपाऱ्या घेत गावोगाव हिंडायचो. आमचे बँडमास्तर दत्तूमामा वाटेत चिंच लावून ट्रम्पेट लखलखीत करायचे. एका वर्षी त्यांचे पुढचे दात पडले आणि फुंक टिकेना. "तू मागनं वाजीव, मी म्होरं हुबा ऱ्हातो," एवढंच मला म्हणाले. गडमुडशिंगीच्या वरातीत त्यांनी ट्रम्पेट नुसता ओठांना लावून चाव्या दाबल्या. सूर माझ्या ट्रम्पेटचे होते. फेटा मात्र नवरदेवाच्या वडलांनी त्यांना बांधला. परतताना मी तोंड फुगवून बसलो.

"अंतऱ्याला चुकलास की रं," मामा म्हणाले.

मला भयंकर राग आला. न वाजवणाऱ्यानं चूक काढावी?

आता माझेही पुढचे दात गेलेत. बायकोकडून थोडी चिंच मागून घेतली, माळ्यावरचा ट्रम्पेट काढून घासला, ओठांना लावला. न फुंकता तो अंतरा नुसत्या बोटांनी वाजवला, आणि माझी तेव्हाची चूक मला लख्ख ऐकू आली.