अंड्याला खिडकी पाडणारे नरहरीकाका

"जो उशिरा मोठा होते ना, तोच साऱ्याइले चालवते," असं नरहरीकाका नेहमी म्हणत. पोट्टं नापास झालं की म्हणत, कुणाचं लग्न लांबलं की म्हणत. रायपूरच्या एका जुन्या कॉलेजात, प्राणिशास्त्राच्या प्रयोगशाळेत, ते एकतीस वर्षं परिचर होते. बढती एकदाही नाही. पोरं पाठीमागे हसत, की काकांनी ही म्हण स्वतःसाठीच काढली आहे.

शिक्षण आठवीपर्यंत. पण अंड्याला खिडकी पाडावी ती त्यांनीच. गावठी कोंबडीची अंडी आणायची, लाकडी पेटीत बल्बच्या उबेला तीन दिवस ठेवायची, मग बारीक कात्रीनं कवचाला रुपयाएवढं भोक. आतला पांढरा पापुद्रा हलायचासुद्धा नाही. खाली पिवळ्या बलकावर मोहरीएवढा लाल ठिपका उडत असायचा. ते हृदय. मोठमोठे प्राध्यापक त्या कात्रीपुढे हात मागे बांधून उभे राहत.

मंजिरी त्यांचीच जुनी विद्यार्थिनी, आता तिथेच शिकवत होती. वर्गासमोर काका तिला "मॅडम" म्हणत, एकटी सापडली की "पोरी".

त्या सोमवारी ती आली तेव्हा तिचं चित्त थाऱ्यावर नव्हतं. शनिवारी तेलीबांध्याच्या दवाखान्यात सोनोग्राफी झाली होती. सहा आठवड्यांचा गर्भ, ठोके मिनिटाला ब्याण्णव. "कमी आहेत," डॉक्टरीणबाई म्हणाल्या होत्या. "पुढच्या सोमवारी पाहू. तोवर काही सांगता येत नाही." मागच्या वर्षी तिचं एक गेलं होतं.

वर्गाआधी एक अंडं पाहून घ्यावं म्हणून तिनं पेटी उघडली. पेटी थंडगार. पौषातली थंडी, आणि आतला बल्ब विझलेला.

दारातून चौकीदार भैय्यालाल म्हणाला, "बिहनिया मैंच बुझाएंव दीदी. बत्ती जलत रिहिस. लइका मन भुला गे होही." पोरं विझवायला विसरली असतील, असं त्याला वाटलं होतं. रिकाम्या खोलीत दिवा जळताना दिसला की विझवायचा, हीच त्याची इमानदारी. पहाटेच्या फेरीत त्यानं ती नेमानं पाळली होती.

काकांनी पेटीत हात घातला. अंडं घेतलं, खिडकी पाडली. मंजिरीनं भिंग धरलं. लाल ठिपका होता. हलत नव्हता.

"बंद आहे," ती म्हणाली, आणि स्टुलावर बसली. बसली ती अंड्याकडे पाठ करून.

"काय झालं पोरी?"

तिनं सांगितलं. ब्याण्णव. मागच्या वर्षीचं. सगळं.

काका ऐकत होते आणि स्पिरिटच्या दिव्यावर मिठाचं पाणी कोमट करत होते. बोट बुडवून पाहिलं, गार वाटलं, पुन्हा ठेवलं. मग थेंब थेंब खिडकीत सोडलं. "इकडे तोंड कर."

"नको काका."

"मॅडम झाली तू, अन् पाहाले भेऊन राहिली?"

तिनं भिंग धरलं. बराच वेळ काही नाही. मग हृदयाच्या शेपटीकडे, जिथून शिरा आत शिरतात तिथे, एक कोपरा थरथरला. बाकी सगळं निजलेलं. पुन्हा थरथरला. तिसऱ्या वेळी लाट पुढे सरकली आणि अख्खा ठिपका उडाला.

"मेंदूचा हुकूम नाही," काका हळू म्हणाले, "एक तंतू नाही पोचला अजून. पहिले ठोके पुढच्या भागातून येतात, सुस्त. मंग मागून, शिराइच्या तोंडाशी, ह्या पेशी येतात. ह्याइची चाल तेज, म्हणून साऱ्याइले ह्याइच्या मागं धावा लागते. बाकीच्या पेशी दांडग्या झाल्या, कामाले लागल्या. ह्या मूठभर कवळ्याच राहिल्या."

"माणसातही असंच," मंजिरी पुटपुटली. हे ती दरवर्षी फळ्यावर लिहीत होती. "उजव्या बाजूला जाऊन बसतात. ठोके वाढत जातात."

"तुझ्या लेकराचं मले सांगता नाही येत. मी काही डॉक्टर नाही. पण ब्याण्णव हायेत म्हणजे कोणीतरी ताल धरून बसलं आहे. त्याले हप्ताभर दे."

खिडकीवर त्यांनी चिकटपट्टी लावली, अंडं पेटीत ठेवलं, आणि भैय्यालालला म्हणाले, "ह्या दिव्याले हात नाही लावायचा, भैया. हा दिवा नोहे, कोंबडी आहे."

"हव," भैय्यालाल म्हणाला, आणि त्यानं पेटीला चक्क हात जोडले.

तो आठवडा मंजिरीनं कसा काढला ते तिचं तिला माहीत. पुढच्या सोमवारी पडद्यावरचा आकडा पाहून ती दवाखान्यातून रिक्षानं थेट कॉलेजला आली. काका फाटकातच भेटले. खांद्याला टोपली, आत भाताचा पेंढा. गावाकडून नवी अंडी आणायला निघाले होते.

"एकशे अठ्ठावीस," ती म्हणाली. ती पाया पडायला वाकली.

"वाकू नको आता," काकांनी तिला खांद्याला धरून उभं केलं. "अन् उपाशी आली दिसून राहिली. खाऊन घे आधी."

एवढं बोलून ते निघाले. ब्राह्मणपाऱ्याच्या गल्लीत एका स्कूटीला वाट द्यायला भिंतीला टेकले, टोपली सावरली, पुन्हा आपल्या चालीनं चालू लागले. फाटकाच्या एका गजाला मंजिरी धरून होती, दुसऱ्याला भैय्यालाल. वळणावर टोपली दिसेनाशी झाली तरी दोघं तिथंच उभी होती.