नोंदीचे मामा

"रडायला अख्खा जन्म पडलाय. नोंदीला एकवीसच दिवस."

हे वाक्य मामा मयताच्या दारात उभे राहून म्हणायचे, तेही मयत अजून घरात असताना. हात जोडणं नाही, दोन सांत्वनाचे शब्द नाहीत. सरळ आत जायचे आणि मेलेल्या माणसाच्या खिशात हात घालायचे. मी ग्रामसेविका म्हणून मोखाडा तालुक्यात नवी आले तेव्हा हे पहिल्यांदा पाहिलं, आणि मला वाटलं, हा माणूस एक तर चोर आहे नाहीतर वेडा. मामा आमच्या ग्रामपंचायतीचे शिपाई होते. जन्ममृत्यूचं रजिस्टर माझ्या ताब्यात, पण त्यातला मृत्यूचा भाग खरा त्यांचाच.

खिशाचं कारण मला नंतर कळलं. सूर्यमाळच्या बाजूच्या पाड्यांवर माणूस गेला की त्याच्या अंगावरचं, वापरातलं सगळं त्याच्याबरोबर देतात. मग खिशातलं आधार कार्डही जातं. एका बाईने तर नवऱ्याला वाटेत उपास घडू नये म्हणून रेशनकार्डही बरोबर दिलं होतं. पुढे ती दाखल्यासाठी खेपा घालत राहिली, आणि आधी तो होता याचा पुरावा आण, असं ऐकून परत येत राहिली.

आमच्या गावातले निवृत्त मास्तर वारले तेव्हाची गोष्ट. घर शिकलेलं, सूनही शिक्षिका. मामा तिला म्हणाले, "मास्तरांचा मोबाईल कुठंय? सिम मोडू नका. ओटीपी मेलेल्याच्याच फोनवर येतो."

"मामा, आत्ता?" ती हुंदका आवरत म्हणाली.

"मग काय वर्षश्राद्धाला विचारू? जीव किती वाजता गेला?"

"पहाटे."

"पहाट म्हणजे किती?"

ती घड्याळाकडे बघायला लागली. तिचं रडू थांबलं होतं, पण मायेने नव्हे, संतापाने. मामांना तेवढंही पुरायचं. मला मात्र कित्येकदा वाटायचं की या माणसाला एक कानाखाली द्यावी. तुम्हीही असे कुणी पाहिले असतील, ज्यांचं सगळं बरोबर असतं आणि म्हणूनच ते सहन होत नाहीत.

मामा आता नाहीत. त्यांची नोंद दुसऱ्याच दिवशी झाली. कागद त्यांनी स्वतःच लावून ठेवले होते, मुलाला काही शोधावं लागलं नाही. पण मला त्यांच्याबद्दल सांगायचं आहे ते वेगळंच.

एके वर्षी उन्हाळ्यात भिवंडीकडच्या एका वीटभट्टीवरून पंचायतीच्या दारात जीप आली. आमच्या पाड्यावरचा एक तरणा माणूस तिथे बायकोसह कामाला गेला होता. जीपमध्ये तो चादरीखाली होता आणि बायको त्याच्या पायाशी बसली होती. पुढच्या सीटवरून मुकादम उतरला. "तापानं गेला हो, झोपेतच. बिचाऱ्याला माती तरी घरची मिळूदे म्हणून लगेच आणला. म्याडम, घरीच वारला असं लिवा, म्हंजे सुटसुटीत."

खोटं कशाला बोलू, मी पेनाचं टोपण काढलं होतं. ती बाई, ते ऊन, ती चादर बघून मला एवढंच वाटत होतं की हे लवकर उरकावं.

मामांनी काही न विचारता चादर वर केली. बायकोच्या समोर. त्याच्या सदऱ्याची बटणं काढली आणि छातीवर हात ठेवला. छाती आत गेलेली होती. केसात विटांची लाल माती होती.

"तापानं बरगड्या मोडत नाय," ते म्हणाले. मग बायकोकडे वळले. "काय पडलं अंगावर?"

ती मुकादमाकडे बघत राहिली. मामांनी तिच्या खांद्याला धरून तिला आपल्याकडे वळवलं. "त्याच्याकडं नको बघू. काय पडलं?"

"थप्पी," ती म्हणाली. "विटांची."

"जीप फिरवा. जिथं मेला तिथंच न्यायचा. तिथलं पोलीस, तिथला पंचनामा, तिथला दवाखाना. इथं जाळला तर हा तापानंच मेला, अन् पाच वर्सांनी तुलाही तेच खरं वाटंल."

पाडा वर होता, अर्ध्या तासाच्या चढावर. जीप तिथवर जात नाही; फाट्यापासून झोळीतून न्यावं लागतं. वर त्याची म्हातारी आई होती. तिला चढउतार होत नव्हता. तिला निरोप गेला होता आणि ती दारात बसून होती.

बायकोने मामांचे पाय धरले. "आयसला तोंड दाखवू द्या. मंग न्या कुठं न्याचा तो."

"नाय."

"फकस्त तोंड."

"एकदा वर गेला की तो खाली येत नाय," मामा म्हणाले. "म्हातारी त्याला उचलू देल का? तू तरी उचलू देशील?"

मी मध्ये पडायला हवं होतं. माझ्या हुद्द्याला ते शोभलं असतं. मी पेनाचं टोपण लावलं. मामा मुकादमाच्या सीटवर जाऊन बसले, त्याला मागे प्रेताशेजारी बसवलं, आणि जीप आल्या वाटेने गेली.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी ते परत आले. गुन्हा दाखल झाला होता, पोस्टमार्टम झालं होतं, सगळे कागद मामांच्या पिशवीत होते. तो मात्र प्लास्टिकमध्ये गुंडाळून वरून कापडाने बांधलेला होता. इतक्या उन्हात दोन दिवस गेले होते. उघडू नका, असं दवाखान्यातून बजावलं होतं, आणि ते न सांगताही सगळ्यांच्या नाकाला कळत होतं.

झोळीतून त्याला वर पाड्यावर नेलं. म्हातारी गाठोड्याशेजारी बसली. एक हात तिने त्यावर फिरवला, या टोकापासून त्या टोकापर्यंत. मग विचारलं, "डोकी कोन्या अंगाला?"

मामांनी तिचा हात धरला आणि योग्य टोकाला नेऊन ठेवला. तिथे तिने तो ठेवला, उचलेपर्यंत.

मामांचं चुकलं नव्हतं. पुढे भट्टीमालकाला कोर्टाच्या पायऱ्या चढाव्या लागल्या. नवऱ्याच्या नावची डोंगरावरची वनजमीन त्या बाईच्या नावावर झाली. दीर टपून बसला होता, त्याचं काही चाललं नाही. ती आज कुणाच्या दारात हात पसरत नाही. हे सगळं मला माहीत आहे आणि तरीही मला मामांचा राग येतो. स्वतःचाही येतो, पण मामांचा जास्त.

त्याच्या मृत्यूचा दाखला तिकडून यायला बराच वेळ लागला. आला तेव्हा मामा म्हणाले, चला, नेऊन देऊ. आम्ही दोघं चढून गेलो. सून आत भात रांधत होती. म्हातारीने हात पुढे केला, म्हणून मामांनी दाखला तिच्याच हातात दिला. तिने तो उलटा धरला, मग सुलटा, मग उजेडाकडे केला.

"यात माझे पोराचा तोंड कठं हाय?"

"तोंड नसतं यात," मामा म्हणाले.

"मंग काय हाय?"

"नाव हाय त्याचं."

"नाव तर मीच ठेवला होता," म्हातारी म्हणाली.

मामांचे ओठ हलले. मला वाटलं, आता हा माणूस निदान एक शब्द बोलेल. त्यांनी दाखला तिच्या बोटांतून हळूच सोडवून घेतला, दाराशी आलेल्या सुनेच्या हातात दिला, आणि म्हणाले, "घडी घालू नको. घडीवर फाटतो."

मग ते खाली उतरायला लागले.