काकीच्या नंबरवर मिथुनचा धंदा

मिथुन भोईर दिसायला इतका गरीब, की लग्नात त्याच्या बायकोला, भाविकाला, बायकांनी बाजूला घेऊन विचारलेलं, "अगं, हा बोलतो तरी का?" आता बोलतो म्हणजे! नवी मुंबईतल्या बोनकोडे गावात कोणाला रूम भाड्याने पाहिजे असली, की तो आधी मिथुनच्या गाळ्यात येतो. आणि तिथून उठेपर्यंत मिथुनने त्याला पंख्याचा वारा, मोरीतला नळ, खिडकीतून दिसणारं झाड, सगळं विकून टाकलेलं असतं. झाड दुसऱ्याच्या अंगणातलं असलं तरी त्याचं काही बिघडत नाही.

बापाची भातशेती होती, ती गेली. शेतावर टॉवर उभे राहिले, गावातल्या घरांवर मजले चढले आणि मजल्यांवर भाडेकरू. मग कोणीतरी दलाल व्हायलाच पाहिजे होतं. मिथुन झाला. गोड बोलतो, पान खात नाही, गिऱ्हाइकाला चहा पाजतो. आणि त्याची खरी किंमत गल्लीला कळते ती मोबाइल अडला की. गॅस बुक करायचा, लाइटबिल भरायचं, नातवाचा फोटो मोठा करायचा, सगळ्या काकी, मावशी, आत्या मिथुनच्या दारात.

त्यात ओटीपी सांगायची पद्धत तर विचारूच नका. मिथुन गाळ्यातून हाक मारणार, "काकी, आला काय?" आणि काकी वरच्या गॅलरीतून, तोंडातला कपड्याचा चिमटा काढून, एकेक आकडा ओरडून सांगणार. खालच्या इस्त्रीवाल्याला कळायचा, दूधवाल्याला कळायचा, कुत्र्यालासुद्धा पाठ झाला असेल. बाकी जगाला सांगतात ओटीपी कोणाला देऊ नका. बोनकोड्यात तो अख्ख्या गल्लीला वाटतात.

ही गॅलरीतली काकी म्हणजे मालतीकाकी. मिथुनच्या बाजूचंच घर. नवरा गेलेला, मुलगी सुचिता पनवेलला दिलेली. वरची रूम रिकामी झाली तेव्हा काकी मिथुनला म्हणाली, "बाबू, तू माझा हायस, पन तुझा गिऱ्हाईक मना नको. मना मानूस बोलून-बघून रूम द्यायचीय. जिना चढताना आवाज दिला पायजे, 'काकी, हाय काय?' असा मानूस."

मिथुनने एक पैसा न घेता तिचं जाहिरातीच्या एका साइटवर खातं उघडून दिलं. रूमचे फोटो काढले, तिच्या नंबरवर जाहिरात टाकली, बोलून मेसेज कसा पाठवायचा ते शिकवलं. काकी खूश. तिथे तिला जासईची दिशा भेटली. कोपरखैरण्याच्या एका हॉस्पिटलात नर्स लागलेली, रूम शोधत होती. दोघींचं साइटवरच बोलणं चालायचं. रूमचं कमी, खाडीतल्या निवट्या माशांच्या कालवणाचं जास्त. काकीने मनात रूम तिलाच देऊन टाकली. फक्त एकमेकींचा नंबर फोनमध्ये उतरवून ठेवायचं दोघींच्या डोक्यात आलं नाही.

इथपर्यंत मिथुन देवमाणूस. आता पुढचं.

मिथुनचा शाळेतला दोस्त सुगत, बेलापूरला एका ऑफिसात कॉम्प्युटरवर बसतो. त्याने मिथुनला एक टूल बनवून दिलं होतं. हे टूल त्याच साइटवर जायचं, घणसोलीपासून वाशीपर्यंतच्या रूमच्या जाहिराती उचलायचं, मालकाचा नंबर पुसून त्यावर मिथुनचा लावायचं आणि मिथुनच्या स्वतःच्या दलालीच्या पेजवर टांगायचं. मालकाने कष्टाने काढलेले फोटो, त्यानेच लिहिलेलं 'चोवीस तास पाणी', आणि खाली मिथुनचं नाव. भाविकाने एकदा विचारलं, "अवो, हे चालतं का?" तर साहेब म्हणाले, "लोकांनी उघड्यावरच लावलंय ना? मी काय कोणाच्या घरात शिरलो? उलट चार लोकांपर्यंत पोचवतोच." म्हणजे बघा, समाजसेवा!

साइटवाल्यांना ही समाजसेवा पटली नाही. बाहेरची टूलं लावून जाहिराती उचलायच्या नाहीत, असा नियमच होता त्यांचा. आता ते तो पाळायला लावू लागले. एका सकाळी मिथुनचं खातं बंद. सुगत म्हणाला, "नंबर बघायला लॉगिन लागतं. दुसरं खातं दे, पण आपल्याच माणसाचं दे." मिथुनने बायकोकडे बघितलं. भाविकाने फोन पदराखाली घेतला.

मग त्याने साइटवर काकीचा नंबर टाकला, गाळ्यातून मान वर केली आणि हाक मारली, "काकी, जरा ओटीपी येल!"

काकीने कशाचा म्हणून विचारलंसुद्धा नाही. कपडे वाळत घालत घालत सांगून टाकला.

थोडेच दिवस चाललं ते. नंतर काकी हातात फोन घेऊन गाळ्याच्या पायरीवर आली. चेहरा असा उतरलेला, की मिथुनला आधी वाटलं सुचिताकडे काही झालं.

"बाबू, माझ्या हातून काय तरी झाला रे. जाहिरात गेली. दिशाचा बोलना गेला. लाल अक्षरात काय तरी लिवलंय, नियम मोडला म्हनून."

मिथुनने फोन घेतला. लाल अक्षरं त्याच्या ओळखीचीच होती.

"तू एवढा शिकवलास, आनि मी काय दाबला कोन जाने," काकी म्हणाली. "तुझी मेहनत फुकट घालवली. रागावू नको हां."

आता हीच ती वेळ होती. एकच वाक्य बोलायचं होतं. आणि आमचा हा बोलका पोपट काय बोलला? "होतं कधी कधी, काकी. बघतो."

होतं कधी कधी! जिभेला हाड नाही ते असं.

काकी जायला वळली आणि हळूच म्हणाली, "सासूबाईंचा असाच सुरू झालेला रे. आधी चष्मा इसरल्या, मग चूल इसरल्या, मग मनाच विचारायला लागल्या, तू कोनाची गो?"

त्या दिवसापासून मिथुनची झोप उडाली म्हणायला हरकत नाही, पण त्याचं जेवणही उडालं, आणि ते भाविकाला जास्त दिसलं. काकीने फोन हातात घ्यायचं सोडलं. सुचिताला सांगून डॉक्टरची वेळ घेतली. सकाळी अंगण झाडताना ती स्वतःची परीक्षा घ्यायची: दिरांची नावं म्हणायची, थोरल्यापासून धाकट्यापर्यंत. एका नावाला रोज अडायची. खरं तर ते नाव सगळ्या गावालाच पटकन आठवत नाही, तो दीर कोणाच्या लग्नाला येत नाही की बारशाला. पण काकी तिथे थांबायची, झाडू धरून उभी राहायची. गाळ्यात बसलेला मिथुन शटरच्या आडून ऐकायचा. नाव त्याच्या ओठावर यायचं, आणि न सांगितलेलं खरंही यायचं. दोन्ही गिळायचा.

"सांगून टाका ना," भाविका म्हणाली.

"सांगितलं तर गल्लीत तोंड दाखवायला जागा राहील काय?"

"आणि नाही सांगितलं तर?"

मिथुन उठला. गिऱ्हाईक आलं म्हणून बाहेर गेला. गिऱ्हाईक आलंच नव्हतं.

अशात त्याला एक फोन आला. "दादा, तुमच्या पेजवर बोनकोड्याची एक रूम आहे, निळ्या पडद्याची. ती गेली का? मी दिशा बोलते, जासईची."

मिथुन खुर्चीतून उठलाच. काकीची जाहिरातसुद्धा टूलने उचलली होती! निळ्या पडद्याखाली मिथुनचाच नंबर. त्याला इतकं हलकं वाटलं, की काय सांगू. देवच पावला. पोरगी आणून काकीसमोर उभी करायची, रूम देऊन टाकायची, झालं गेलं विसरायचं. कोणाला काही सांगायची गरजच नाही. पाप फेडायची ही युक्ती चांगली होती हो, पण त्यात पाप कबूल करायची पायरीच नव्हती.

दिशा आली. काकीने तिला दारातच जवळ घेतलं. "तू गेलीसच कुठं गो? मना वाटला मीच तुला पुसून टाकली." दिशा म्हणाली, "मला वाटलं तुम्ही रूम दुसऱ्याला दिली." दोघी हसल्या. काकीने तांदळाच्या भाकऱ्या थापल्या, सुकटीची चटणी केली आणि पहिली थाळी मिथुनपुढे ठेवली. "ह्यो नसता तर तू मना भेटली नसतीस. माझा पोरच हाय ह्यो."

मिथुनने घास मोडला आणि हातातच धरून बसला.

"दादा, तुमची दलाली कशी द्यायची?" दिशाने साधेपणाने विचारलं. "पेजवर लिहिलीय तशीच ना?"

"दलाली?" काकी म्हणाली. "कसली गो दलाली?"

दिशाने फोन पुढे केला. "ही बघा ना. साइटवरची गेली, पण इथे सापडली."

काकीने चष्मा वर-खाली करून बघितलं. तिचीच रूम, तिचाच पडदा, खिडकीत तिचाच तुळशीचा डबा. मिथुनला वाटलं, आता ओळखते. पण काकीचं मन भलतीकडेच गेलं. तिने फोन मिथुनपुढे केला.

"ही पन मीच टाकली काय रे, बाबू?" ती म्हणाली. "बघ, ह्या पन मना आठवत नाय."

तेव्हा मिथुनच्या हातातली भाकरी थाळीत पडली.

"तू कायच इसरली नाय, काकी. तू बटन पन नाय दाबलास. मी केलं ते. तुझ्या नंबरवरून लोकांच्या जाहिराती उचलत होतो. म्हणून त्यांनी तुझं बंद केलं. दिशाचं बोलणं माझ्यामुळे गेलं."

काकीने एवढंच विचारलं, "म्हंजे माझा डोका बरा हाय?"

"बरा हाय."

"नक्की?"

"नक्की, काकी."

काकी खळखळून हसली. डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसली. दिशाला म्हणाली, "सुचिताला फोन लाव गो, डॉक्टर नको म्हनून सांग." आणि मग हसता हसता थांबली. मिथुनकडे वळून बघितलं.

"मी अंगनात दिरांची नावा घेत व्हती. तू शटरमागं बसलेला असायचास."

"हो."

"ऐकत व्हतास?"

"हो."

"आनि मी त्या एका नावाला आरली, थांबली की?"

मिथुनने थाळीत पडलेली भाकरी परत उचलली. 

काकीने थाळी काढून घेतली नाही. "जेव," म्हणाली आणि दिशाला रूम दाखवायला वर घेऊन गेली. कोरडी भाकरी त्याने संपवली. ती कशी उतरली ते त्याचं त्याला माहीत.

सुगतला फोन करून त्याने टूल बंद करवलं. पेज काढून टाकलं. साइटवाल्यांना स्वतःच्या नावाने सगळं कळवलं, की बाईचा काही दोष नाही. त्यांनी चौकशी केली, काकीचं खातं उघडलं, मिथुनचं नाही उघडलं. दिशा राहायला आली, दलालीशिवाय.

गल्लीत बातमी पसरायला वेळ लागतो काय! सगळ्या मावश्या-आत्या फोन घेऊन गाळ्यासमोर उभ्या. "माझा पन बघ रे, मना कुठं कुठं फिरवून आनलास!" एक जण म्हणाली, "माझ्या नावावर टॉवर तर नाय ना इकलास?" सगळ्यांना पासवर्ड बदलायचे होते, आणि ते कसे बदलायचे हे मिथुनशिवाय कोणालाच येत नव्हतं. मग काय, तो खुर्ची भिंतीकडे फिरवून बसायचा आणि पाठमोराच सांगायचा: आता खालचं दाबा, आता नवीन टाका, मला सांगू नका. बायका एकमेकींना कोपरं मारून हसायच्या.

काकी सगळ्यात शेवटी आली, गर्दी गेल्यावर. बरेच दिवस ती त्याच्याशी बोलली नव्हती. आली, बसली. "तिकडं बघ."

मिथुन भिंतीकडे वळला. मागे काकीचं बोट काचेवर टकटक करत होतं, थांबत होतं, परत टकटक.

"झाला काय रे? बघ जरा."

"मी नाय बघणार, काकी."

"मग मना कसा कळंल?"

"दिशाला दाखव."

काकीने फोनची काच पदराने पुसली. मग गुडघ्यावर हात टेकून उठली आणि फोन घेऊन जिना चढली. मिथुन भिंतीकडे तोंड करूनच बसला होता. त्याला कोणी वळ म्हणालं नव्हतं.