सुनंदाताईंनी विचारलं होतं

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, बरोबर काम करणाऱ्यांनाही नाही. तुम्हाला का सांगते आहे — ते मलाही नीट ठाऊक नाही.

राजकारणातल्या खोट्या बातम्यांवर लोक विश्वास का ठेवतात, हा माझ्या संशोधनाचा विषय. त्यासाठी कर्वेनगरजवळच्या एका वस्तीत मी बायकांची शिबिरं घ्यायचे. तिथे सुनंदाताई भेटल्या. ब्लाउज शिवतात, तोंडात टाचण्या धरून बोलतात. शिबिरात सगळं वहीत उतरवून घेणाऱ्या त्या एकट्याच. मी शिकवलं होतं — मेसेज आला की लगेच पुढे पाठवू नका, आधी जाणत्या माणसाला विचारा.

महापालिकेच्या निवडणुकीला त्यांची मैत्रीण मीना उभी राहिली. दोघी लहानपणापासून विहारात बरोबर जाणाऱ्या. एका सकाळी सुनंदाताईंनी मला एका पत्राचा फोटो पाठवला. वस्तीतल्या अभ्यासिकेची जागा बिल्डरला द्यायला मीनाची संमती आहे, असं पत्र — खाली मीनाची सही. आणि त्याखाली प्रश्न: "मॅडम, खरं आहे का हे?"

विचारलं होतं त्यांनी. मी शिकवलं होतं तसंच.

आणि मी? मी तो फोटो मोठा करूनसुद्धा पाहिला नाही. मीनाचा पक्ष मला मनापासून नकोसा — मला ते खरं असायला हवं होतं. कोथरूडच्या सिग्नलला थांबल्या थांबल्या मी लिहिलं, "हो, खरं आहे."

दुपारी ऑफिसात कळलं, पत्र बनावट आहे. सही दुसऱ्याच कागदावरून उचललेली. तेव्हा एक फोन करायचा होता — एवढंच ना? पण मग माझं हसं झालं असतं. त्यांनी केव्हाच वाचलेलं माझं उत्तर मी डिलीट केलं आणि डबा खायला गेले.

संध्याकाळी वस्तीतल्या सभेत सुनंदाताई उठल्या आणि सगळ्यांसमोर म्हणाल्या, "आपल्या पोरांची अभ्यासिका विकलीस ना, मीने?" सभा तिथेच फुटली. मीना त्यांना एवढंच म्हणाली, "तू तरी आधी माझ्याकडे यायचंस." ती निवडणूक हरली. पत्र खोटं होतं हे वस्तीला नंतर कळलं.

महिन्याभराने मी त्यांच्याकडे मुलाखतीला गेले. हो, गेले. रेकॉर्डर चालू करून विचारलं, का विश्वास ठेवलात? त्यांनी शिलाई मशीन थांबवलं. तोंडातल्या टाचण्या काढून ठेवल्या.

"विचारलं होतं मी एका माणसाला," त्या म्हणाल्या. "विश्वासातल्या."

नाव घेतलं नाही. मीही विचारलं नाही — कसं विचारणार होते? रेकॉर्डर बंद केला, आभार मानले, चहा न घेता निघाले.

अहवालात मी लिहिलं: पडताळणी केली नाही; कारण, अल्पशिक्षण. ते वाक्य अजून तसंच आहे. परिषदांमध्ये मी ते वाचूनही दाखवलं आहे.

त्या दोघी आता बोलत नाहीत. विहारात वेगवेगळ्या वेळी जातात. मीना समजते, सुनंदाताईंनी दगा दिला. तो कुणी दिला हे सुनंदाताईंना ठाऊक आहे, आणि त्यांनी मीनालाही माझं नाव सांगितलेलं नाही.