खुर्चीच्या मापांतील दोन शून्ये

ड्रॉइंग विभागात ज्यांना सारे ‘मोजपट्टी’ म्हणत, ते गृहस्थ वयाच्या चौऱ्याहत्तराव्या वर्षी निवर्तले. आयुष्यातली अडतीस वर्षे पंपांच्या एका कारखान्यात नकाशे काढण्यात गेली. त्यांच्या सहीचे ड्रॉइंग वर्कशॉपमधून शंका घेऊन परत आले, असे कधी घडले नाही. लोक याला त्यांचे कौशल्य मानत. ते होतेच, परंतु शंका विचारायला येणाऱ्याकडे ते चष्म्यावरून असे पाहत, की तो ती गिळूनच माघारी फिरे.

ते निवृत्त झाले आणि पत्नीने अंथरूण धरले. पायांतले बळ गेले. जिभेचे मात्र शाबूत होते. बाजारातली चाकांची खुर्ची गॅलरीच्या अरुंद दारातून जाईना, आणि गॅलरीत तर पत्नीच्या मोगऱ्याच्या कुंड्या होत्या.

“यंदा झाडावर फुललेला बघू दे मला,” त्या म्हणाल्या. “तुमच्या पाणी घालण्याचा काय भरवसा? औषधाच्या टोपणानं मोजून घालत असाल.”

“दारातून जाईल अशी खुर्ची करतो,” ते म्हणाले.

संगणकावर नकाशे काढायला ते उतारवयात शिकले होते. खुर्चीची एकेक नळी त्यांनी पडद्यावर उभी केली, सांगाडा फिरवून पाहिला, दारातून नेऊनही पाहिला. कुठे काही अडले नाही. हाताने काढताना त्यांनी रुंदी नुसती ‘५२०’ लिहिली असती. संगणकाने आपणहून ‘५२०.००’ लिहिली. सगळ्या मापांपुढे दोन-दोन शून्ये ओळीने उभी राहिली. त्यांना ती नीटनेटकी वाटली, म्हणून त्यांनी ती राहू दिली. ड्रॉइंगच्या कोपऱ्यात नियमांची चौकट होती, ती त्यांनीच पूर्वी घालून दिलेली: नुसत्या आकड्याला अर्धा मिलिमीटर इकडेतिकडे चालेल, पुढे दोन शून्ये असतील, तर केसाइतकाही फरक चालणार नाही.

काम ज्या वर्कशॉपवाल्याकडे गेले, तो त्यांच्याच हाताखाली तयार झालेला. नळी वाकवून सोडली की किंचित उलगडते. वेल्डिंगच्या उष्णतेने सांगाडा ओढला जातो. खुर्चीचे त्याने काही बिघडत नाही. पण वर्कशॉपवाल्याने चौकटीतला नियम वाचला आणि सांगाडा बाद केला. दुसराही केला.

“मालक, यावर माणूसच बसणार ना?” वेल्डर वैतागला. “फोन करून विचारा की.”

“सरांनी लिहिलंय म्हणजे कारण असणार. तूच कर फोन. माझी नाही हिंमत.”

इकडे पत्नी विचारी, “अहो, खुर्ची करताय की विमान?”

“चांगल्या कामाला वेळ लागतो.”

“मोगरा थांबणार आहे का तेवढा?”

पुढे त्यांनी विचारणे सोडले. एका सकाळी पतीने ओंजळभर फुले आणून उशाशी ठेवली. त्यांनी डोळे मिटून वास घेतला. “तोडलीत होय?” एवढेच म्हणाल्या. बहर सरण्याआधीच त्या गेल्या.

त्यानंतर आठवड्याने खुर्ची आली. सवयीने त्यांनी ती मोजली. तंतोतंत होती.

“इतका वेळ कशाने लागला?”

वर्कशॉपवाल्याने ड्रॉइंग उलगडले आणि शून्यांवर बोट ठेवले.

“ही मी लिहिलेली नाहीत,” ते म्हणाले. थोड्या वेळाने म्हणाले, “पुसलीही नाहीत.” आणि मग, “अरे, पण तू विचारायचंस तरी!”

तो जमिनीकडे पाहत म्हणाला, “तुम्हाला?”

पुढे ते अधूनमधून जुन्या विभागात जाऊन नव्या मंडळींशेजारी बसत. “हे माप कशाला जाऊन भिडतं?” ते पडद्याकडे बोट करून विचारत. “कशालाच नाही? मग काढ ती शून्यं. शाफ्ट बेअरिंगमध्ये बसतो तिथे काटेकोर राहा. बाकी ठिकाणी कारागिराला श्वास घेऊ दे. आणि ड्रॉइंग पाठवलं की स्वतः खाली जाऊन विचार, काय अडतंय. तो वर येईल म्हणून बसू नकोस.” मंडळी मान डोलावत. उलट प्रश्न मात्र कोणी विचारला नाही.

त्यांच्यामागे पुतण्याने घर आवरले. खुर्ची वरच्या मजल्यावरच्या आजींना दिली. तसल्याच दारातून ती दोन्ही बाजूंना दोन-दोन बोटे जागा सोडून गॅलरीत जाते. कुंड्यांचे काय करायचे, ते ठरले नाही.