ग्लेनिसची सीट

ट्रेगेना गावच्या खाणीतलं कथील संपलं, लाकडाची गिरणी बंद पडली, आणि आता गाव ओस पडणार असं म्हणता म्हणता डोंगरातून सायकलींच्या वाटा निघाल्या. तेव्हापासून टास्मानियाच्या या कोपऱ्यात चिखल, ब्रेक आणि टायर याखेरीज दुसरा विषय नाही. कोण कुठे आपटलं, कुणाचा खांदा निखळला, सगळं पबमध्ये चवीचवीने सांगतात. बसायची जागा दुखते, हे मात्र कुणी बोलत नाही. तिथे भल्याभल्यांच्या तोंडाला कुलूप.

ग्लेनिस पिटवे त्याच पबची स्वयंपाकीण. साठीला टेकलेली, अंगाने चांगली भरलेली, आणि उभा जन्म चुलीपुढे उभं राहून काढलेली. दरवर्षी उन्हाळा सरताना गावातल्या बायका डोंगरमाथ्यावरून थेट समुद्रापर्यंत सायकली हाणत जायच्या. ग्लेनिस सँडविचचे डबे पिकअपमध्ये घालून रस्त्याने किनाऱ्यावर जायची आणि वाट बघत बसायची. एका वर्षी त्या चिखलाने माखून, खिदळत, एकमेकींना ढकलत वाळूत उतरल्या आणि तिला असा हेवा वाटला की पुढच्याच आठवड्यात तिने एका पर्यटकाची जुनी माउंटन बाइक विकत घेतली.

पाय तिचे लोखंडाचे होते. दमही होता. पण चढ लागला की थोड्या वेळाने ती उतरायची आणि सायकल ढकलत चालायची. बायका म्हणायच्या, "वय झालं गं, दम पुरत नाही." ग्लेनिस मान डोलवायची. दमाचं निमित्त तिला बरंच होतं, कारण खरं कारण सांगायचं तर जीभ रेटत नव्हती.

तिचा थोरला भाऊ नेव्हिल कनवाळू माणूस. त्याला काय ते उमगलं असावं, कारण तिच्या वाढदिवसाला त्याने एक सीट आणली. उशीएवढी रुंद आणि लोण्यासारखी मऊ. अंगठ्याने दाबून दाबून दाखवत होता.

"बघ, कसा आत जातो! सोफा आहे सोफा."

"नेव, बसायचंय मला. तुझ्या अंगठ्याला नाही," ती म्हणाली. पण भावाचं मन मोडवेना, म्हणून तिने ती बसवली. त्या सीटवर ती समुद्राच्या सफरीला निघाली आणि अर्ध्या वाटेत, रस्ता लागतो तिथे, उतरून नेव्हिलच्या पिकअपमध्ये बसली. किनाऱ्यावर पोचल्यावर मुकाट्याने डबे उघडून सगळ्यांना वाढू लागली. इतकी शरम तिला आयुष्यात वाटली नव्हती.

पुढची सफर जवळ आली तेव्हा बायकांनी परस्पर ठरवूनही टाकलं, की ग्लेनने आपलं जेवणच आणावं, बिचारीला उगाच त्रास नको. ते 'बिचारी' तिला झोंबलं. दुसऱ्या दिवशी सकाळी ती तडक टॅमसिनच्या सायकलच्या दुकानात गेली. दुकानात ओंडक्यांचा ट्रक चालवणारा म्हातारा डग्गी हॉब्स आपल्या सायकलच्या ब्रेकची तार घ्यायला आला होता.

"मला सीट हवी," ग्लेनिस म्हणाली. "ही दुखते."

"कुठे दुखते?"

"कुठे म्हणजे? बसते तिथे."

"ग्लेन, मागे, बाजूला की पुढे? नीट सांगितलंस तर नीट देईन."

डग्गीने तारांच्या खोक्यात डोकं खुपसलं. ग्लेनिसने एकदा त्याच्या पाठीकडे पाहिलं, कमरेवर हात ठेवले आणि मागच्या अंगणात ऐकू जाईल अशा आवाजात सांगितलं, "पुढे. लघवीच्या जागी. आधी आग होते, मग सगळं बधिर पडतं. ऐकलंस?"

मग डग्गी खोक्यातूनच पुटपुटला, "मला वाटायचं, हे माझं एकट्याचंच आहे."

"मग इतकी वर्षं मेल्या, बोलला का नाहीस?" ग्लेनिस त्याच्यावर कडाडली.

टॅमसिनने हसू दाबत पुठ्ठ्याचा तुकडा काढला आणि ग्लेनिसला त्यावर बसवलं. बसायच्या हाडांचे दोन खळगे उमटले, आणि ते चांगलेच जवळजवळ होते. एवढ्या भरदार बाईची हाडं अरुंद! मऊ सीटमध्ये ती रुतत होती आणि मधला फुगवटा नको तिथे दाबत होता. तिला हवी होती टणक, अरुंद आणि मधे चीर असलेली सीट.

वापरून बघायला द्यायच्या सीटा टॅमसिनकडे भडक नारिंगी रंगाच्या असतात. त्यामुळे ग्लेनिसच्या बुडाची चौकशी गावभर झाली. तिने एकेकाला न लाजता सविस्तर सांगितलं, आणि लोकच लाजून वाट सोडू लागले. पहिली सीट मापात होती, पण चढाला मांड्या घासायच्या.

"आठवडाभरात सवय होईल," टॅमसिन म्हणाली.

"सवय मी पुष्कळ गोष्टींची करून घेतली. हिची नाही घेणार."

दुसरी सीट तिने झाडांच्या मुळांनी भरलेल्या, जिथे ती नेहमी उतरायची त्याच खड्या चढावर नेली. सीटचं पुढचं नाक वर होतं ते खाली केलं, फार खाली झालं तेव्हा हात भरून आले, मग पुन्हा जरासं उचललं. एका सकाळी चढ संपला, तरी ती बसलेलीच होती. वर, नेच्यांच्या गर्दीत, तिने एकटीने मोठ्याने स्वतःला शाबासकी दिली. ती तिच्या हक्काचीच होती.

सफरीच्या दिवशी ती ना पहिली आली ना शेवटली. मर्टलच्या झाडांच्या ओल्या रानातून, ग्रॅनाइटच्या निसरड्या फरशांवरून, शेवटचा लांबलचक चढ बसल्या बसल्या चढून ती घोळक्याबरोबर वाळूत उतरली. गुडघ्यापर्यंत चिखल, पोटरीला एक जळू. तिला अशी बघून नेव्हिल टोपी काढून उभा राहिला. डबे त्यानेच आणले होते, पाव जाडजूड कापलेला, सँडविचमधल्या बीटाचा रस सगळीकडे गळलेला.

मागून येणाऱ्या एकीने सायकल टाकता टाकता सवयीने हाक मारली, "ग्लेन, जेवायला काय आणलंयस गं?"

"मी?" ग्लेनिस वळली. "मी काही आणलं नाही. मी सायकलवरून आलेय."

किनाऱ्यावर ते सगळ्यांना ऐकू गेलं. तरीही तिने ते आणखी एकदा सांगितलं.