शिंपीबुवांची कंबर

शिंपीबुवांच्या बायकोला आताशा नवऱ्यापेक्षा त्याच्या गळ्यातल्या टेपेचा जास्त राग येई. जगातली कुठलीही गोष्ट इंचात सांगा, नाहीतर ती नाहीच, असा या माणसाचा खाक्या.

मोठ्या दिरांना झटका येऊन उजवा हात लुळा पडला, तेव्हा तिची नजर आधी नवऱ्याच्या हाताकडे गेली. दोघे भाऊ एकाच कापडाचे. दिवसभर मशीनवर बसायचं, उठायचं ते जेवायला. तिनं नवऱ्याला जवळजवळ ओढतच दवाखान्यात नेलं. डॉक्टरीणबाईंनी त्यांच्या कोपराखाली पट्टा आवळला, काही वेळानं सोडला आणि दंडातली रक्तवाहिनी पडद्यावर पाहिली.

"पट्टा सोडला की रक्ताचा लोंढा येतो आणि चांगली नस रुंदावते," त्या म्हणाल्या. "यांची जेमतेम हलली. बसून बसून ताठरलीय. रोज थोडा दम लागेल असं भरभर चाला आणि तीन महिन्यांनी दाखवा."

"बसून कुठे? माझे पाय दिवसभर चालूच असतात की."

"मशीनला मोटर बसवून कितीतरी वर्षं झाली," बायको म्हणाली. "पाय नुसता ठेवलेला असतो."

चालणं सुरू झालं खरं, पण ते चालणं कसलं? ती दुकानाच्या दारातून बघायची. समोरून कुणी नवा शर्ट घालून आला की हे थांबलेच, त्याच्या कॉलरकडे टक लावून. तिनं हाका मारून मारून घसा बसवून घेतला, तेव्हा कुठे पाय उचलले. तरी दर रविवारी टेप कमरेला गुंडाळायची ती गुंडाळायचीच. एका रविवारी त्यांनी ती कटिंगच्या टेबलावर भिरकावली.

"कंबर तीच आहे. फुकटची तंगडतोड."

त्यानंतर ते रोज बूट चढवून वेळेवर निघत आणि घाम पुसत वेळेवर परत येत. पंधरवड्यानं बटणवाला दुकानात आला आणि कौतुकानं म्हणाला, "शिंपीबुवा हल्ली रोज माझ्याकडे येऊन बसतात, बरं वाटतं." तिच्या अंगाचा तिळपापड झाला.

"तुमची कंबर मागितलीय कुणी?" तो गेल्यावर ती म्हणाली. "तुमचा हात शाबूत राहायला हवाय मला. रात्री झोप लागत नाही मला, कळतंय का?"

दुसऱ्या दिवसापासून ते खरोखर चालू लागले.

ठरलेल्या दिवशी पुन्हा पट्टा आवळला गेला, सुटला. डॉक्टरीणबाई हसल्या. "सुधारणा आहे. वजन नाही उतरलं तरी नसेला फरक पडतो. मात्र चालणं सोडलंत की ती परत ताठरणार."

"किती रुंदावली?" शिंपीबुवांनी विचारलंच.

"केसाच्या जाडीएवढी असेल."

त्यांनी चिमटीत तेवढी जाडी धरून पाहिली. मग म्हणाले, "म्हणजे शर्टाच्या बगलेत ठेवतो तशी सूट. हात वर केला की उसवू नये म्हणून."

"तसंच समजा."

बायकोनं कपाळावर हात मारला. एवढी साधी गोष्ट डोक्यात शिरायला तीन महिने लागावेत, आणि तोवर तिनं आपलं रक्त आटवावं.

बाहेर पडल्यावर शिंपीबुवा घराकडचा चढ तरातरा चढू लागले. ती मागून बडबडत निघाली, की हे आधीच सुचलं असतं तर माझा जीव असा टांगणीला लागला नसता. अर्ध्या चढावर तिची बडबड आपोआप बंद पडली. तिनं भिंतीला हात टेकला. छातीत धडधडत होतं, तोंडाला कोरड पडली होती. मशीनशेजारच्या स्टुलावर बसून आयुष्यभर काजं-बटणं तीही करत आली होती, आणि या तीन महिन्यांत तिची चाल दुकानाच्या दारापुढे गेली नव्हती.

ते मागे फिरून आले. थट्टा केली नाही. "कधीपासून होतंय हे?"

"मला काय धाड भरलीय? दिवसभर हात चालूच असतात माझे."

त्यांनी तिच्या हातातली पिशवी काढून घेतली, तिचा दंड धरला आणि ते पुन्हा दवाखान्याच्या दिशेनं उतरू लागले. तिला भयंकर संताप आला, पण ओरडायला श्वासच उरला नव्हता.